ऋण फेडणारी कन्या : त्सुदा उमेको

मुलीस शाळेंत घालावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां बहुतेक घरांतून मिटला आहे. परंतु शाळा संपतांच दुसरा एक प्रश्न उंबरठ्यावर येऊन बसतो. मुलगी एवढी शिकली. आतां तिनें शिकून करावयाचें काय? जपान देशांत सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं एका मुलीपुढें हाच प्रश्न उभा राहिला. आश्चर्याची गोष्ट ही कीं, ज्या सरकारनें तिला परदेशीं पाठवून जवळ जवळ अकरा वर्षें शिकविलें, त्या सरकारापाशींच या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. तें उत्तर तिला स्वतः शोधावें लागलें, आणि तें शोधण्यांत तिचें सारें आयुष्य खर्चीं पडलें. त्या मुलीचें नांव त्सुदा उमेको. जपानी लोक आडनांव आधीं व स्वतःचें नांव मागाहून लिहितात. तेव्हां त्सुदा हें घराण्याचें नांव आणि उमेको हें तिचें.

तिचा जन्म ३१ डिसेंबर १८६४ रोजीं एदो शहरीं झाला. हेंच शहर पुढें टोकियो या नांवानें जपानची राजधानी झालें. तिचे वडील त्सुदा सेन हे सामुराई वर्गांतील गृहस्थ. डच व इंग्रजी या भाषा शिकून ते शोगुनाच्या, म्हणजे त्या वेळच्या सत्ताधीश सेनापतीच्या, पदरीं दुभाष्याचें काम करीत. घरांत एक मुलगी आधींच होती. या खेपेस पुत्र होईल अशी त्यांची फार आशा होती. दुसरीहि मुलगीच झाली हें ऐकतांच ते रागानें घराबाहेर पडले आणि सातव्या दिवशीं नांव ठेवण्याच्या वेळींहि परतले नाहींत, असें सांगतात. बाळंतिणीच्या उशाशीं कुंडींत लावलेलें उमेचें एक झाड होतें. उमे हें आलुबुखाराच्या जातीचें जपानी झाड असून, थंडी सरण्यापूर्वींच त्याला फुलें येतात. आईनें त्या झाडाकडे पाहून मुलीचें नांव उमे ठेविलें. नांवाच्या शेवटींचें को हें अक्षर तिनें मागाहून, १९०२ सालीं, आपण होऊन जोडलें.

मुलगी झाली म्हणून रुसलेल्या याच पित्यानें सात वर्षांच्या आंत त्याच मुलीस समुद्रापार शिकावयास पाठविलें, ही या चरित्रांतील पहिली नवलाची गोष्ट होय. मधल्या काळांत दोन घटना घडल्या. १८६७ सालीं शोगुनाच्या एका शिष्टमंडळाबरोबर त्सुदा सेन अमेरिकेस जाऊन आले, आणि तेथील शेती, शाळा व गृहजीवन पाहून त्यांची दृष्टि पालटली. १८६८ सालीं शोगुनशाही कोसळून मेइजी सम्राटांचें नवें राज्य सुरू झालें. जुन्या धन्याचा पक्ष हरल्यामुळें त्सुदा घराण्याचे दिवस फिरले. सेन यांनीं तलवार बाजूस ठेविली आणि ते परदेशी भाजीपाल्याची लागवड करूं लागले. पुढें त्यांनीं शेतकीची शाळा काढली, आणि १८७५ सालीं पतिपत्नी दोघांनींहि ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

नव्या सरकारनें उत्तरेकडील होक्काइदो बेट वसविण्यासाठीं एक स्वतंत्र खातें उघडलें होतें. त्या खात्याचे एक प्रमुख अधिकारी कुरोदा कियोताका हे अमेरिकेंत जाऊन आले. तेथील स्त्रिया सुशिक्षित असून कुटुंबांत व समाजांत त्यांचें वजन आहे, हें त्यांनीं पाहिलें. कर्तबगार पुरुष हवे असतील तर त्यांच्या माता आधीं शिकल्या पाहिजेत, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि कांहीं मुलींस दहा वर्षें अमेरिकेंत ठेवून शिकवावें अशी सूचना त्यांनीं केली. या सूचनेंतील उणीव वाचकांच्या ध्यानीं येईलच. मुलीस शिकवावयाचें तें तिच्या स्वतःसाठीं नव्हे, तर तिला होणाऱ्या पुत्रांसाठीं! तथापि दार उघडलें, हेंहि थोडें झालें नाहीं.

प्रवास, भोजन, शिक्षण यांचा सारा खर्च सरकार सोसणार होतें. असें असूनहि पहिल्या खेपेस एकहि अर्ज आला नाहीं. दुसऱ्या खेपेस पांच मुली मिळाल्या. पांचहि जणी पराभूत पक्षाच्या सामुराई घरांतील होत्या; ज्यांचें सर्वस्व गेलें होतें, तेच आपल्या मुली अज्ञाताच्या हवालीं करावयास तयार झाले. दोघी पंधराच्या आसपास, यामाकावा सुतेमात्सु अकरा वर्षांची, नागाइ शिगे तिच्याहून थोडी लहान, आणि उमे तर अवघी सहा वर्षांची. सुतेमात्सुचें मूळ नांव निराळें होतें. निरोप देतांना तिच्या आईनें तें बदललें. नव्या नांवांत टाकून देणें आणि वाट पाहणें असे दोन्ही अर्थ निघतात. मातेच्या हृदयांतील दुःख व आशा हीं दोन्ही त्या एका नांवांत सांठविलेलीं आहेत.

निघण्यापूर्वीं सम्राज्ञीनें या मुलींस राजवाड्यांत बोलावून घेतलें. विद्या संपादन करून परत यावें आणि देशांतील स्त्रियांपुढें उदाहरण घालून द्यावें, अशी आज्ञा त्यांना मिळाली. सहा वर्षांच्या उमेला तिचा अर्थ कितपत कळला असेल, हें देव जाणे. परंतु ती आज्ञा तिच्या मनांत बीजासारखी पडून राहिली. २३ डिसेंबर १८७१ रोजीं योकोहामा बंदरांतून इवाकुरा यांचें मोठें सरकारी शिष्टमंडळ घेऊन जहाज सुटलें. त्यांतच या पांच मुली होत्या. उमेला सातवें वर्ष लागलें तें भर समुद्रांत. पुढें आगगाडीनें अमेरिका ओलांडतांना बर्फानें वाट अडविली. अशा रीतीनें अडखळत त्या १८७२ च्या फेब्रुवारीअखेर वॉशिंग्टन शहरीं पोंचल्या.

दोन मोठ्या मुलींची प्रकृति त्या हवेंत टिकली नाहीं. त्या वर्षाच्या आंतच परतल्या. उरलेल्या तिघी निरनिराळ्या कुटुंबांत राहूं लागल्या. उमे जॉर्जटाउन येथें चार्ल्स लॅनमन या गृहस्थांच्या घरीं वाढली. ते जपानी वकिलातीचे चिटणीस व ग्रंथकार असून त्यांना मूलबाळ नव्हतें. त्यांच्या पत्नी अॅडलाइन यांनीं उमेला पोटच्या मुलीप्रमाणें सांभाळिलें. घरांत ग्रंथांचा मोठा संग्रह होता. त्यांत ती रमून जाई. १८७३ सालीं, अवघ्या आठ वर्षांच्या वयांत, तिनें स्वतःच्या इच्छेनें बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षीं जपानांत ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे जुने सरकारी फलक काढण्यांत आले होते.

असें करतां करतां दहांचीं अकरा वर्षें झालीं. सुतेमात्सु १८८२ सालीं व्हासर कॉलेजची पदवीधर झाली. पदवी मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री. शिगे तेथेंच संगीत शिकून एक वर्ष आधीं मायदेशीं गेली होती. १८८२ च्या नोव्हेंबरांत सुतेमात्सु व उमे दोघी योकोहामा बंदरीं उतरल्या. उमेचें वय त्या वेळीं सतरा वर्षांचें होतें. धक्क्यावर आप्तेष्ट जमले होते. पण आईशीं दोन शब्द बोलावे तर जिभेवर जपानी भाषाच येईना! सहाव्या वर्षीं जी भाषा घेऊन ती गेली, ती पार विसरून गेली होती. सुदैवानें वडिलांना इंग्रजी येत असे. चटईवर मांडी मोडून बसणें, वांकून नमस्कार करणें, काड्यांनीं जेवणें, सारें तिला नव्यानें शिकावें लागलें. आपल्याच घरीं ती पाहुणी झाली होती.

याहूनहि मोठा धक्का पुढेंच होता. ज्या खात्यानें या मुलींस पाठविलें होतें, तें खातें त्याच वर्षीं बंद झालें होतें. परदेशांतून शिकून आलेल्या पुरुषांकरितां सरकारी जागा वाट पाहत होत्या. या मुलींकरितां मात्र कोणींच कांहीं योजून ठेविलें नव्हतें. त्या परतल्या खऱ्या. पण त्यांना बोलावलें होतें कशासाठीं, हें कोणास सांगतां येईना. त्या काळीं जपानी मुलीस सोळा ते विसाव्या वर्षांपर्यंत लग्न करणें हाच एक मार्ग मोकळा असे. शिगेनें एका आरमारी अधिकाऱ्याशीं विवाह केला. सुतेमात्सुनें १८८३ सालीं युद्धमंत्री ओयामा इवाओ यांचा हात धरिला. उमेलाहि स्थळें सांगून येऊं लागलीं. तिनें नकार दिला. लग्नाविषयीं तिला तिटकारा होता असें नव्हे. परंतु मुलीनें केवळ पोटासाठीं व लोकापवादासाठीं अनोळखी पुरुषाच्या गळ्यांत पडावें, हें तिला पटेना. शिवाय आपण राष्ट्राच्या पैशानें शिकलों, तें ऋण अद्याप फिटलें नाहीं, ही टोंचणी तिला स्वस्थ बसूं देईना.

हें सारें आपणांस कळतें तें तिच्या पत्रांवरून. अॅडलाइन लॅनमन यांना ती तीस वर्षेंपर्यंत शेंकडों पत्रें लिहीत असे. त्या पत्रांचा गठ्ठा तिच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनीं, १८८४ नव्हे तर १९८४ सालीं, तिनेंच काढलेल्या विद्यालयाच्या माळ्यावर सांपडला. बाहेरून शांत व संयमी दिसणाऱ्या या बाईच्या मनांत केवढी खळबळ होती, तें त्या पत्रांनीं जगाला दाखविलें.

कांहीं महिने उमेकोबाईंनीं एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत शिकविलें. मग इतो हिरोबुमि या थोर मुत्सद्द्याच्या घरीं त्यांच्या पत्नीस व कन्येस इंग्रजी शिकविण्यासाठीं त्या राहिल्या. शिमोदा उताको या विदुषीच्या शाळेंत त्यांनीं इंग्रजी शिकविलें आणि तिच्यापाशीं जपानी भाषा व रीतिरिवाज शिकून घेतले. १८८५ सालीं सरदारांच्या मुलींसाठीं राजाश्रयाखालीं एक शाळा निघाली, तींत त्यांची इंग्रजीच्या शिक्षिकेच्या जागीं नेमणूक झाली. पगार चांगला, मान मोठा. परंतु त्यांचें समाधान होईना. विद्यार्थिनी अत्यंत विनयशील होत्या. पण त्यांना प्रश्न विचारण्याची संवय नव्हती आणि ज्ञानाची भूकहि नव्हती. त्यांना शिक्षण हें दागिन्यासारखें होतें. उमेकोबाईंना दागिने घडवावयाचे नव्हते. हत्यारें घडवावयाचीं होतीं.

त्यासाठीं आधीं स्वतःचें शिक्षण पुरें केलें पाहिजे असें ठरवून १८८९ सालीं रजा घेऊन त्या पुन्हां अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया शहराजवळील ब्रिन मॉर हें स्त्रियांचें कॉलेज तेव्हां नुकतेंच, १८८५ सालीं, सुरू झालें होतें. फिलाडेल्फिया हें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ सालीं याच शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून उत्तीर्ण झाल्या, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर राहिल्या. आनंदीबाईंच्या शेजारीं एक जपानी युवती उभी असलेलें १८८५ सालचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. ती केइ ओकामि; तिनें १८८९ सालीं तेथेंच वैद्यकीची पदवी घेतली. रमाबाईहि अमेरिकेहून परततांना १८८८ च्या डिसेंबरांत जपानांत उतरल्या व तेथें त्यांनीं व्याख्यानें दिलीं. पूर्वेकडील दोन देशांच्या कन्या एकाच वेळीं, एकाच शहराच्या आश्रयानें, एकच वाट शोधीत होत्या!

ब्रिन मॉर येथें उमेकोबाईंनीं जीवशास्त्र हा विषय घेतला. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे थॉमस हंट मॉर्गन हे त्यांचे अध्यापक. त्यांच्या समवेत त्यांनीं बेडकाच्या अंड्याच्या वाढीविषयीं संशोधन केलें, आणि तो निबंध दोघांच्या नांवें १८९४ सालीं एका इंग्रजी शास्त्रीय त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. तेथेंच राहिल्या असत्या तर शास्त्रज्ञ म्हणून त्यांनीं नांव मिळविलें असतें, यांत शंका नाहीं. स्वतःच्या आवडीचें काम एका बाजूस आणि लहानपणीं घेतलेलें ऋण दुसऱ्या बाजूस, असा हा पेंच होता. त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र बाजूस ठेविलें आणि त्या परत निघाल्या.

मात्र परतण्यापूर्वीं त्यांनीं एक दूरदर्शीपणाचें काम केलें. आपल्यासारखी संधि इतर मुलींनाहि मिळावी म्हणून फिलाडेल्फियाच्या श्रीमती मॉरिस यांच्या साह्यानें त्यांनीं ठिकठिकाणीं व्याख्यानें देऊन ८,००० डॉलरांचा निधि उभारला. त्या निधीच्या व्याजांतून जपानी मुली एकामागून एक अमेरिकेंत शिकूं लागल्या. त्यांपैकीं मात्सुदा मिचि, कावाइ मिचि, होशिनो आइ या पुढें मोठमोठ्या कन्याविद्यालयांच्या प्रमुख झाल्या. एका दिव्यानें दुसरा दिवा लावावा तशी ही परंपरा चालली.

१८९२ सालीं मायदेशीं परतून त्या पुन्हां सरदारांच्या शाळेंत रुजू झाल्या. देश झपाट्यानें पुढें जात होता. स्त्रियांची स्थिति मात्र निराळी होती. १८९८ सालच्या नव्या दिवाणी कायद्यानें कुटुंबप्रमुखाची सत्ता पक्की केली, आणि नवऱ्याच्या संमतीवांचून पत्नीस महत्त्वाचा आर्थिक व्यवहार करतां येऊं नये असें ठरलें. १८९९ सालीं प्रत्येक प्रांतांत मुलींचें एक तरी हायस्कूल असावें असा हुकूम निघाला. हें चांगलेंच झालें. परंतु त्या हायस्कुलांचें ध्येय मुलीस सुशील पत्नी व शहाणी माता बनविणें एवढेंच ठेवण्यांत आलें. हायस्कुलापुढें जाऊं इच्छिणाऱ्या मुलीस जागा फारच थोड्या. विद्यापीठांचीं दारें तर बंदच होतीं. १९०० सालीं एक पोलिसी कायदा झाला. त्यानें स्त्रियांस राजकीय पक्षांत सामील होण्याचीच नव्हे, तर राजकीय सभेंत नुसतें जाऊन बसण्याचीहि मनाई केली.

मध्यंतरीं, १८९८ सालीं, अमेरिकेंतील स्त्रीमंडळांच्या परिषदेस जपानतर्फें जाण्याचा योग उमेकोबाईंना आला. त्या प्रवासांत दोन स्त्रियांच्या भेटी त्यांना घडल्या. एक हेलन केलर. दृष्टि व श्रवण दोन्ही नसतांना विद्येच्या मागें लागलेली ती तरुणी. दुसरी इंग्लंडांत अंथरुणास खिळलेली वृद्ध फ्लॉरेन्स नाइटिंगेल. एकीनें देहाची अडचण मोडून काढली होती, दुसरीनें समाजाची. या भेटींनंतर त्यांचा निश्चय पक्का झाला.

१९०० सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं राजाश्रयाची नोकरी सोडली. १४ सप्टेंबर १९०० रोजीं टोकियोच्या कोजिमाचि भागांत भाड्याच्या एका लहानशा घरांत त्यांनीं स्त्रियांसाठीं इंग्रजी विद्येचें विद्यालय उघडलें. विद्यार्थिनी किती? अवघ्या दहा. जुनी मैत्रीण अॅलिस बेकन अमेरिकेहून येऊन बिनपगारी शिकवूं लागली. सुतेमात्सु, आतां सरदारपत्नी ओयामा, संस्थेची आश्रयदात्री झाली. शिगेहि मदतीस आली. जहाजांतून गेलेल्या तीन मुली अठ्ठावीस वर्षांनीं पुन्हां एका कामासाठीं एकत्र आल्या. सरकारनें जें काम त्यांना दिलें नाहीं, तें त्यांनीं आपलें आपण काढलें.

उद्घाटनाच्या वेळीं उमेकोबाईंनीं आपलें धोरण साध्या शब्दांत मांडलें. खऱ्या शिक्षणाला इमारतीपेक्षां गुरूची योग्यता व शिष्याची तळमळ अधिक लागते. प्रत्येकीचा स्वभाव निराळा म्हणून वर्ग लहान हवेत. आणि एका विषयांत प्रवीण होतांना दृष्टि अरुंद होऊं देतां कामा नये. वर्गांत त्या फार कडक असत. शब्दकोश न पाहतां आलेल्या मुलीची गय होत नसे. एखादा उच्चार चुकला तर तो बिनचूक होईपर्यंत पुन्हां पुन्हां करावा लागे. गुरूनें सांगितलें म्हणून मान डोलावणें त्यांना खपत नसे. पटत नसेल तर तसें सांगावें व कां पटत नाहीं तेंहि सांगावें, अशी त्यांची शिस्त होती.

इंग्रजीच कां, असें कोणी विचारील. याचें कारण अगदीं व्यवहारी होतें. मध्यम शाळांतील इंग्रजी शिक्षकाची सरकारी सनद हें त्या काळीं स्वतंत्र व प्रतिष्ठित उपजीविकेचें साधन होतें, आणि तिची परीक्षा फार कठीण असे. हातीं सनद असलेली स्त्री कोणाच्या दयेवर जगत नाहीं. तिला लग्न करावयाचें तर ती आपल्या खुशीनें करील, आणि न करावयाचें तर तिला उपाशी राहावें लागणार नाहीं. १९०४ सालीं सरकारनें या विद्यालयास उच्च शिक्षणाची संस्था म्हणून मान्यता दिली; १९०५ सालीं तेथील पदवीधरांस ती कठीण परीक्षा न देतां सनद मिळूं लागली. स्त्रियांच्या कोणत्याहि संस्थेस असा अधिकार यापूर्वीं मिळाला नव्हता. समानता या शब्दावर उमेकोबाईंनीं व्याख्यानें थोडींच दिलीं असतील. पण समानता ज्या पायावर उभी राहते, तो पाया त्यांनीं विटेवर वीट ठेवून रचला.

त्यांचें चरित्र सांगतांना एक गोष्ट लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९११ सालीं हिरात्सुका राइचो व तिच्या मैत्रिणींनीं सेइतो नांवाचें स्त्रियांचें मासिक काढलें आणि घर, विवाह, प्रेम यांविषयीं उघडपणें लिहावयास आरंभ केला. समाजांत मोठा गहजब झाला. उमेकोबाईंना हें लेखन मुळींच रुचलें नाहीं. कामिचिका इचिको ही त्यांची एक विद्यार्थिनी त्या मंडळांत लिहिते असें कळतांच तिला त्यांतून बाहेर पडावें लागलें आणि दूर उत्तरेकडे हिरोसाकि येथें शिक्षिका म्हणून जावें लागलें. विद्यालयास काळिमा लागला तर मुलींचें उच्च शिक्षणच बंद पडेल, ही भीति उमेकोबाईंना वाटत असावी, आणि त्या काळीं ती भीति निराधार नव्हती. तरीहि स्वतंत्र विचार करावयास शिकविणाऱ्या गुरूनेंच शिष्येच्या स्वतंत्र विचारास आवर घातला, हें खरें. पुढें हीच कामिचिका १९५३ सालीं जपानच्या लोकसभेंत निवडून आली आणि वेश्याव्यवसायाविरुद्ध १९५६ सालीं झालेल्या कायद्यासाठीं झटली. १९१२ सालची पदवीधर यामाकावा किकुए हिनें स्त्रीकामगारांची बाजू आयुष्यभर मांडली. १९४७ सालीं मजूर खात्यांत स्त्रिया व बालकांसाठीं नवी शाखा निघाली, तिची ती पहिली प्रमुख झाली. गुरूनें ज्या वाटेवर पाऊल टाकण्याचें टाळलें, त्या वाटेनें शिष्या चालत गेल्या. पण चालण्याचें बळ त्यांना गुरूच्याच वर्गांत मिळालें होतें.

१९१७ पासून मधुमेहानें त्यांचें शरीर खचत गेलें, आणि १९१९ सालीं त्यांनीं विद्यालयाचें प्रमुखपद सोडलें. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपांत टोकियो शहर पेटलें व विद्यालयाची इमारत भस्म झाली. तेवीस वर्षांची कमाई एका दिवसांत राखेस मिळाली. त्या वेळीं त्यांची अमेरिकन सहकारी अॅना हार्टशोर्न, जी १९०२ पासून तेथें शिकवीत होती, ती समुद्र ओलांडून गेली आणि तिनें पांच लक्ष डॉलर जमविले. कोदाइरा येथें नवी इमारत उभी राहूं लागली. ती पाहण्यास मात्र उमेकोबाई राहिल्या नाहींत. १६ ऑगस्ट १९२९ रोजीं कामाकुरा येथील आपल्या घरीं, चौसष्टाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. त्यांच्या रोजनिशींतील त्या दिवसाच्या नोंदींत आदल्या रात्रीं वादळ झालें एवढाच उल्लेख आहे. १९३१ सालीं विद्यालय कोदाइरास गेलें, आणि त्याच आवारांत आज त्यांची समाधि आहे.

जपानी स्त्रियांस मताचा अधिकार मिळाला तो १९४५ च्या डिसेंबरांत. १० एप्रिल १९४६ रोजीं त्यांनीं प्रथम मत दिलें, आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. १९४७ सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें स्त्रीपुरुष कायद्यापुढें समान ठरविले. उमेकोबाईंचें विद्यालय १९४८ सालीं पूर्ण दर्जाचें कॉलेज झालें. जुलै २०२४ पासून जपानच्या पांच हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचें चित्र आहे. मुलगी झाली म्हणून जिचें नांव ठेवावयासहि वडील घरीं नव्हते, तिचें चित्र आज बाजारांत हातोहात फिरत आहे!

परंतु नोटेवर चित्र छापल्यानें प्रश्न सुटत नाहीं. २०१८ सालीं टोकियोंतील एका वैद्यकीय विद्यापीठानें प्रवेशपरीक्षेंत मुलींचे गुण वर्षानुवर्षें मुद्दाम कमी केल्याचें उघडकीस आलें. मुली पुढें लग्न व मुलेंबाळें यांमुळें काम सोडतात, अशी त्यामागील समजूत होती. स्त्रीपुरुष समानतेच्या जागतिक क्रमवारींत २०२४ सालीं १४६ देशांत जपानचा क्रमांक ११८ वा होता. २०२५ च्या ऑक्टोबरांत मात्र देशाच्या पंतप्रधानपदीं प्रथमच एक स्त्री आली. मुलगी शिकून काय करणार, हा प्रश्न तेथेंहि अजून पुरता मिटलेला नाहीं असें म्हणावें लागतें.

विद्यार्थिनींनो, उमेकोबाईंनीं आपलें शिक्षण हें मिरविण्याचें भूषण न मानतां फेडावयाचें ऋण मानलें. तुमच्या शिक्षणासाठींहि कोणी तरी आपल्या पोटास चिमटा घेतला असेल. त्याची आठवण ठेवा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरांत तुमच्या बहिणीच्या पुस्तकांस व तिच्या अभ्यासाच्या वेळेस तुमच्याइतकाच मान मिळतो कीं नाहीं, हें एकदां नीट पाहा. आणि पालकांना विनंति एवढीच कीं, मुलीस शिकविल्यावर तिला तें शिक्षण वापरूं द्यावें. त्सुदा सेन यांनीं प्रथम पाठ फिरविली खरी, परंतु सात वर्षांच्या आंत त्यांनीं आपली चूक सुधारली. तेवढा मनाचा मोठेपणा कोणत्याहि पित्यास शक्य आहे.